कानाला दडा, भोवती गरगर आणि आजाराला नाव नाही : तोवर काय करायचं

मराठीत ‘चक्कर’ हा एकच शब्द चार-पाच निरनिराळ्या त्रासांना पुरवला जातो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. भिंती, पंखा, अख्खी खोली गोल फिरणं हा एक त्रास. उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येणं हा दुसरा. चालताना एका बाजूला झोक जाणं तिसरा, आणि दिवसभर होडीत बसल्यासारखं डुलत राहणं चौथा. दवाखान्यात ‘चक्कर येते’ एवढंच सांगितलं की बीपी मोजलं जातं, मानेचा एक्स-रे निघतो, घरी कुणीतरी ‘पित्त झालंय’ म्हणतं आणि कानाकडे लक्ष जायला महिने लागतात. म्हणून डॉक्टरांपुढे ‘चक्कर’ हा शब्द न वापरता बोलायची सवय करा. ‘आधी डाव्या कानाला दडा बसतो, मग खोली फिरायला लागते, दोन तास टिकते, उलट्या होतात, नंतर दिवसभर तोल जातो.’ तपासणीची दिशा ठरायला एवढं वाक्य पुरेसं असतं.

कान आणि तोल एकाच वेळी का बिघडतात? ऐकण्याची शंखासारखी नळी आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या अंतर्कर्णात एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांच्यातला द्रवही एकच असतो. हा सगळा कारखाना कवटीच्या अतिशय टणक हाडात बंद आहे. तिथला तुकडा काढून तपासता येत नाही, तिथे नळी घालून बघता येत नाही. त्यामुळे निदान लक्षणांच्या क्रमावरून आणि वारंवार केलेल्या श्रवण तपासणीवरून करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. कानाला दडा, गरगर आणि कमी-जास्त होणारं ऐकणं असा जो अंतर्कर्णाचा मेनिएर हा आजार, त्याचे २०१५ मध्ये ठरलेले आंतरराष्ट्रीय निकषसुद्धा ‘निश्चित’ आणि ‘संभाव्य’ अशा दोन पायऱ्यांचे आहेत. तुमच्या कागदावर आजाराच्या नावापुढे प्रश्नचिन्ह असेल तर तो डॉक्टरांचा आळस असेलच असं नाही.

या काळासाठी एक नियम पक्का धरा: नाव ठरलेलं नसताना परत फिरवता येणार नाही असा उपाय करून घ्यायचा नाही, आणि ज्यात तास मोजले जातात त्यात नावाची वाट बघायची नाही.

तास मोजायचे ते दोन प्रसंग

पहिला प्रसंग मेंदूच्या झटक्याचा. गरगरण्याबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा किंवा बधिर पडला, डोकं किंवा मान कधी नव्हे इतकी दुखायला लागली, किंवा कुणी धरूनही उभं राहता येईना, तर थेट १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ सोबतच्या माणसाने लक्षात ठेवायची. ‘यांना कानाचा जुना त्रास आहे’ हे सांगा, पण त्यावरच गाडी अडू देऊ नका. अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी धमनी मेंदूच्याच रक्तवाहिनीतून फुटते, त्यामुळे ती बंद पडली तर कानही अचानक जातो आणि गरगरही येते. ऐकू येईनासं झालं म्हणजे मेंदू सुटला असं धरून चालता येत नाही. तुमच्या घरापासून चोवीस तास सीटी स्कॅन आणि मेंदूविकारतज्ज्ञ असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा. नाशिक शहराबाहेर, त्र्यंबक, दिंडोरी, सिन्नर किंवा निफाडकडे राहणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्यांचा बराच वेळ रस्त्यात जातो.

दुसरा प्रसंग म्हणजे एक कान अचानक जाणं: रात्री ठीक होता, सकाळी फोन लावला तर काहीच ऐकू येत नाही. तीन दिवसांच्या आत ऐकणं असं कोसळलं तर तो नसेचा बधिरपणा असू शकतो. त्याला स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितका लवकर तितका उपयोगी ठरतो. इथे सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘मळ असेल, चार दिवस थेंब घालू’ असं म्हणत बसणं. घरी एक खूण बघता येते. तोंड मिटून ‘म्ऽऽ’ असं गुणगुणा. बसलेल्या कानात आवाज मोठा वाटला तर मळ, सर्दी, पडद्यामागचं पाणी असं काही असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानाकडे आवाज ओढला गेला तर नसेची शंका. ही खूण घाई करण्यासाठी वापरा, थांबण्यासाठी वापरू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऐकण्याची चाचणी करा आणि तिचा श्रवण आलेख काढून घ्या. मधुमेह असेल तर आधीच सांगा, कारण स्टिरॉइडने साखर चढते आणि त्या दिवसांत ती घरी मोजावी लागते. कानात गरम तेल घालू नका. पडद्याला भोक असेल तर तेल आत उतरतं आणि नवीनच दुखणं मागे लागतं.

ज्यांचं ऐकणं नेहमीच कमी-जास्त होतं त्यांनी डॉक्टरांकडून मर्यादा ठरवून घ्यावी: ऐकणं नेहमीसारखं किती तासांत परत आलं नाही तर यायचं?

गरगर सुरू झाली की

जिथे असाल तिथे खाली बसा. खुर्ची शोधत फिरू नका, जमीन चालते. गॅस चालू असेल तर तो बंद करायला दुसऱ्याला सांगा. मग कुशीवर आडवे व्हा, शक्यतो चांगला कान खाली ठेवून. उताणं झोपून उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जायची भीती असते. डोकं हलवू नका आणि नजर एका स्थिर गोष्टीवर लावा: दाराची कडी, भिंतीवरचा खिळा. डोळे मिटून जास्त गरगरत असेल तर उघडे ठेवा. उलट्या चालू असताना पाणी पाजू नये. त्या थांबल्यावर घोटघोट द्यावं.

घरच्यांनी दोन कामं करायची. एक, सुरू झाल्याची वेळ लिहायची. दुसरं, मोबाइलवर डोळ्यांचं चित्रण करायचं: चेहऱ्याजवळून, चांगल्या उजेडात, तीस सेकंद. आधी समोर बघायला सांगा, मग डावीकडे, मग उजवीकडे. अंतर्कर्णाच्या झटक्यात बुबुळं एका दिशेने झटके देत सरकतात. कोणत्या दिशेने सरकतात यावरून तज्ज्ञांना बरंच कळतं. दवाखान्यात पोचेपर्यंत हे बहुधा थांबलेलं असतं, म्हणून या अर्ध्या मिनिटाची किंमत मोठी आहे.

पिशवीत किंवा पर्समध्ये कायम ठेवायच्या वस्तू: दोन जाड प्लास्टिक पिशव्या, डॉक्टरांनी गरगरीच्या झटक्यासाठी दिलेली गोळी (उलटीत टिकावी म्हणून जिभेखाली विरघळणारी मिळते का ते विचारा), छोटा रुमाल, आणि जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली ही चिठ्ठी:

‘मला कानाच्या आजारामुळे गरगर येते. मी दारू प्यायलेलो नाही. मला उभं करू नका, कुशीवर झोपू द्या. बोललेलं मला ऐकू येत नसेल, लिहून दाखवा. बोलणं अडखळलं किंवा हातपाय हलत नसतील तर १०८ ला फोन करा. घरचा नंबर : …’

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकासमोर किंवा द्वारका चौकात कुणी झोकांड्या खात बसलं तर लोक काय समजतात हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरं वाक्य त्यासाठीच आहे.

वही

पुष्कळ तपासण्यांपेक्षा कधी कधी साधी शंभर पानी वही जास्त सांगून जाते. प्रत्येक झटक्याला एक नोंद, आणि प्रत्येक नोंदीत त्याच गोष्टी त्याच क्रमाने: तारीख, सुरू झाल्याची वेळ, नुसतं गरगरणं किती वेळ (नंतरचा थकवा वेगळा लिहा), त्या वेळी काय करत होता, कानात आधी किंवा सोबत काय झालं आणि कोणत्या, उलटी, डोकेदुखी किंवा उजेडाचा त्रास, आदल्या रात्रीची झोप, आदल्या दिवशीचं खारट खाणं, बायकांनी पाळीचा दिवस, घेतलेली गोळी. नमुना असा:

‘१४ तारीख, सकाळी ६.४०. कुशी बदलली नव्हती, चहा करत होते. आदल्या संध्याकाळपासून डाव्या कानाला दडा, जात्यासारखी घरघर. खोली फिरणं ६.४० ते ९.१५. उलट्या ३. डोकं दुखलं नाही. दुपारी झोप. रात्रीपर्यंत डाव्या कानाने फोन नीट ऐकू येईना, दुसऱ्या दिवशी दुपारी आला.’

यात सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे टिकण्याचा वेळ. अंथरुणात कुस बदलताना किंवा मान वर करताना काही सेकंद, मिनिटाच्या आतच, गरगरतं आणि कान ठीक असतो, तर अंतर्कर्णातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागचे हललेले असण्याची शक्यता जास्त. याला बीपीपीव्ही म्हणतात. वीस मिनिटं ते बारा तास, सोबत त्याच कानात दडा, आवाज आणि कमी-जास्त होणारं ऐकणं, तर मेनिएरकडे बोट जातं. पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत काहीही, उजेड आणि आवाज नकोसे होतात, घरात अर्धशिशी आहे, तर वेस्टिब्युलर मायग्रेन, म्हणजे तोल बिघडवणारी अर्धशिशी. यात दर वेळी डोकं दुखतंच असं नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं हुकतो. एकदाच आणि सलग काही दिवस भयंकर गरगर, मग हळूहळू सुधारणा, तर तोलाच्या नसेची सूज. कानही गेला असेल तर अंतर्कर्णाची. मोठ्या आवाजाने किंवा जोर केल्यावर गरगरतं, स्वतःच्या बुबुळांची हालचालही ऐकू येते, तर वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड पातळ आहे का ते सीटीत बघावं लागतं. तीन महिन्यांहून जास्त जवळजवळ रोज डुलल्यासारखं, उभं राहिल्यावर आणि गर्दीत जास्त, असा प्रकारही वेगळा आहे आणि त्यावर व्यायामाने व औषधाने उपचार होतात.

मेनिएर आणि मायग्रेन यांची सीमा पुसट आहे. मायग्रेनमध्येही कान भरल्यासारखा होतो, सूं आवाज येतो. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. अशा वेळी वही आणि दर काही महिन्यांनी काढलेला आलेख एवढंच हाती असतं. वही मात्र झटक्याच्या दिवशीच लिहा. रोज ‘आज बरं वाटतंय का’ असं स्वतःला चाचपत बसलात तर तोलाकडे लक्ष वाढतं आणि डुलणंही वाढतं.

तपासण्या, आणि त्यांना जाताना

शुद्ध स्वर श्रवण चाचणी, म्हणजे पीटीए, सगळ्याचा पाया. ध्वनिरोधक खोलीत झालेलीच धरा. कागदावर उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. आडव्या ओळीत २५० ते ८००० हर्ट्झ, उभ्या ओळीत डेसिबल. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. हवेतून आणि हाडातून, दोन्ही मार्गांनी तपासलं आहे का ते बघा. एक कान खूप कमी असेल तर तो तपासताना दुसऱ्या कानात खसखस आवाज सोडावा लागतो, नाहीतर चांगला कानच उत्तर देतो आणि आलेख फसवा येतो. मेनिएरच्या सुरुवातीला रेघ डावीकडच्या भागात, म्हणजे २५० ते १००० च्या आसपास खाली जाते आणि नंतर वर येते. ही चढउतार कागदावर पकडली गेली तर निदान बरंच पुढे सरकतं. म्हणून कान बसलेला असताना एक आणि मोकळा असताना एक, असे दोन आलेख एकाच केंद्रात काढा. ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) आधीच विचारून ठेवा: कान बसला तर त्याच दिवशी वेळ द्याल का? मूळ कागद फायलीत, फोटो मोबाइलमध्ये.

व्हीएनजी या तोलाच्या चाचणीत डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा लावतात, आणि कानात थंड-गरम पाणी किंवा हवा सोडून दोन्ही बाजूंची ताकद मोजतात. त्या दिवशी काजळ लावू नका. कॅमेऱ्याला बुबुळ सापडत नाही. दोन-तीन तास आधी हलकंच खा. गरगर दाबणाऱ्या गोळ्या किती तास आधी बंद करायच्या हे विचारा, बहुधा दोन दिवस सांगतात. बीपीच्या, साखरेच्या, फिटच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. घरी न्यायला कुणीतरी हवं. ही चाचणी मुंबईत करणार असाल तर संध्याकाळीच कसारा घाटाची वळणं चढत परत यायचा बेत करू नका. रात्र तिथे काढा किंवा रेल्वेने या.

एका बाजूचाच बधिरपणा असेल तर नसेवर गाठ नाही ना हे बघायला एमआरआय एकदा हवा. तो नॉर्मल आला की घरचे म्हणतात, ‘काही नाही, मनाचं आहे.’ तसं नाही. नेहमीच्या एमआरआयमध्ये नस दिसते, गाठ दिसते. अंतर्कर्णातले पातळ पडदे आणि द्रवाचा दाब दिसत नाही. नॉर्मल अहवालाचा अर्थ ‘गाठ नाही’ एवढाच. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ बघितलेलं असावं.

औषधं

स्टेमेटिल, सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट या गोळ्या गरगर दाबतात, आणि त्या झटक्यापुरत्या, फार तर दोन-तीन दिवस घ्यायच्या. एका कानाचा तोल बिघडला की मेंदू हळूहळू नवं गणित शिकतो. या गोळ्या ते शिकणंच मंदावतात. शिवाय स्टेमेटिल किंवा सिनारिझिन उतारवयात महिनोन्महिने घेतल्या तर हात थरथरणं, चाल आखडणं असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून दर महिन्याला पट्टी आणणं इथे सर्रास चालतं. घरात कुणी तशी घेत असेल तर यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

बीटाहिस्टिन (वर्टिन या नावाने ओळखीचं) सुस्ती आणत नाही आणि महिनोन्महिने दिलं जातं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र नऊ महिन्यांत बीटाहिस्टिन घेणारे आणि नुसती साखरेची गोळी घेणारे, दोन्हींचे झटके सारखेच कमी झाले. तेव्हा तीन महिने घेऊन वहीतले झटके मोजा आणि चालू ठेवायचं का ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. दमा किंवा अल्सर असेल तर आधी सांगा.

पडद्यातून कानात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने ऐकण्याला सहसा धक्का लागत नाही. जेन्टामायसिनचं इंजेक्शन वेगळं: ते त्या कानाचा तोलाचा भाग मारून टाकतं आणि ऐकणंही जाऊ शकतं. निश्चित मेनिएर, एकच कान, बाकी सगळं थकलं, अशा वेळी त्याला जागा आहे. कागदावर प्रश्नचिन्ह असताना कुणी सुचवलं तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी जेन्टामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन लिहून दिलं तर ‘मला कानाचा आजार आहे’ हे आधी सांगा.

कुस बदलताना काही सेकंदांची गरगर (बीपीपीव्ही) हा प्रकार डॉक्टरांनी तपासून नक्की केला असेल, तर एप्लीची पद्धत घरी करता येते. उजव्या कानासाठी: पलंगावर पाय लांब करून बसा, उशी अशी ठेवा की आडवे झाल्यावर ती खांद्याखाली येईल. मान उजवीकडे ४५ अंश वळवा. झटकन उताणे व्हा, डोकं उशीपलीकडे किंचित मागे झुकलेलं. गरगर थांबेपर्यंत, निदान तीस सेकंद थांबा. मान ९० अंश डावीकडे वळवा, पुन्हा तीस सेकंद. आता सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा तीस सेकंद. मग डाव्या बाजूनेच उठून बसा. डाव्या कानासाठी सगळं उलट. मानेचं दुखणं किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल तर घरी करू नका. तीन दिवसांत फरक पडला नाही तर कान चुकीचा धरला असू शकतो किंवा आजार दुसरा असू शकतो.

मीठ

मेनिएरच्या शक्यतेत मीठ कमी करायला सांगतात. पुरावा कच्चा आहे, पण उपाय निरुपद्रवी आहे आणि बीपीलाही बरा. दिवसाला माणशी ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. सकाळी तेवढं मीठ वाटीत काढा आणि स्वयंपाकात त्यातलंच वापरा. दोन आठवड्यांत जिभेला सवय होते. भाजी-आमटीपेक्षा मीठ लपतं ते पापडात (पापडखारातही सोडियमच), लोणच्यात, चिवड्यात, फरसाणात, पावात. मिसळ खायची तर पापड आणि वरची शेव सोडा, रस्सा अर्धा घ्या. भाकरीच्या पिठात मीठ नसलं तरी चालतं. उपवासाचं सैंधव हेही मीठच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते विचारल्याशिवाय आणू नका. गरगरलं की लगेच ओआरएस पाजतात, त्यातही मीठ आहे. जुलाब किंवा सतत उलट्या नसतील तर साधं पाणी पुरे. निर्जळी उपवास करू नका. चहा एकदम तोडू नका, मायग्रेनवाल्यांचं डोकं त्यानेच धरतं. दोन कपांवर आणा आणि रोज ठरल्या वेळी घ्या.

एका कानाचं ऐकणं

एक कान कमी झाला की आवाज कुठून आला हे कळत नाही. रस्ता ओलांडताना हॉर्नवर विसंबू नका, दोन्हीकडे बघा. हॉटेलात कमी ऐकू येणारा कान भिंतीकडे करून बसा, पत्र्याच्या शेडपेक्षा आतली कोपऱ्याची जागा घ्या. ‘काय?’ म्हटलं की समोरचा तेच वाक्य ओरडून सांगतो, आणि बिघडलेल्या कानाला ओरडणं टोचतं. त्याऐवजी ऐकू आलेलं सांगा आणि उरलेलं विचारा: ‘गुरुवारी यायचं, किती वाजता?’ आकडे तर मराठीत हमखास फसवतात. सदुसष्ट आणि अडुसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. पैसे, औषधाची मात्रा, फोन नंबर सुटे अंक करून वदवून घ्या: ‘सहा-सात?’ मोबाइलवरचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. दवाखान्यात आणि बँकेत उपयोगी.

ऐकणं वरखाली होत असेल तर श्रवणयंत्र असं घ्या ज्यात ऑडिओलॉजिस्ट दोन-तीन वेगवेगळ्या सेटिंग भरून देतील, चांगल्या दिवसाची आणि वाईट दिवसाची. विकत घेण्याआधी काही दिवस वापरायला मागा. नुसता आवाज वाढवणारी स्वस्त यंत्रं इथे त्रासच देतात. रात्री कानातला सूं आवाज वाढतो कारण बाहेर शांतता असते. पंखा किंवा हळू आवाजातला रेडिओ पुरतो.

नाशिक ढोल पथकाजवळ आवाज सहज शंभर डेसिबलच्या वर जातो, आणि शंभर डेसिबलला कानाची सुरक्षित मर्यादा साधारण पंधरा मिनिटं आहे. मिरवणुकीत फोमचे इअरप्लग घाला: पिळून बारीक करा, कान वरून मागे ओढून आत सरकवा, फुगेपर्यंत बोटाने धरा. सातपूर-अंबडच्या प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्यांनी ते पाळीभर घालायला हवेत. शांत घरात मात्र घालून बसू नका, कान हळवा होतो.

दोन झटक्यांच्या मधे

झटका ओसरल्यावर अंथरुणात पडून राहिलात तर तोल परत यायला उशीर होतो. पोस्टकार्डावर मोठा ‘अ’ काढून भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला, हातभर अंतरावर लावा. नजर ‘अ’वर ठेवून डोकं ‘नाही नाही’ म्हणतो तसं हलवा, अक्षर पुसट होणार नाही एवढ्याच वेगाने. सुरुवातीला वीस सेकंद, हळूहळू एक मिनिट, दिवसातून तीनदा. मग कोपऱ्यात पाठ करून, समोर खुर्ची ठेवून, पाय जुळवून तीस सेकंद उभे राहा. जमलं की डोळे मिटून, नंतर घडी घातलेल्या गोधडीवर. थोडं गरगरायला हवं, पण पंधरा-वीस मिनिटांत ते बसायला हवं. जास्त टिकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल, भिंतीला पक्की दांडी, रात्रभर छोटा दिवा. कडी आतून लावू नका. अंधारात डोळ्यांचा आधार जातो आणि उरलेला एक कान पुरत नाही. माळ्यावरचे डबे खाली आणा. द्राक्षबागेत विरळणीला आणि घड द्रावणात बुडवायच्या डिपिंगला मान तासन् तास वर असते, खडे हलण्याचा त्रास असेल तर तिथे हमखास गरगरतं. ही कामं दुसऱ्याकडे द्या, स्वतः बसून करायची घ्या. शेततळ्याच्या प्लास्टिकवर एकट्याने जायचंच नाही. पाण्याखाली गरगरलं तर वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही, म्हणून रामकुंडात बुडीऐवजी काठावर बसून तांब्याने अंघोळ करा, आणि कुणी सोबत असू द्या.

दुचाकीचं बोलायलाच हवं. झटका पूर्वसूचनेशिवाय येत असेल तर चालवू नका, कॉलेज रोडपर्यंतही नाही. कानाला दडा बसून मग गरगरत असेल तर निदान त्या दिवशी नको. किती महिने झटका नसला की सुरू करायचं हे तज्ज्ञांकडून लेखी घ्या. परवान्यासाठीच्या नमुना १ मध्ये अचानक बेशुद्धी किंवा चक्कर येते का असा थेट प्रश्न आहे. पेठ रोडच्या आरटीओत सही करताना तो वाचून खरं उत्तर लिहा. प्रवासात पुढच्या सीटवर बसा, नजर लांब रस्त्यावर ठेवा, मोबाइल बघू नका.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल बऱ्याच जणांची धावपळ फुकट जाते. २०१६ च्या कायद्यात ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ ठरायला दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा बधिरपणा लागतो, ‘कर्णबधिर’ ठरायला दोन्ही कानांत ७०. एकच कान गेला असेल तर सहसा त्यात बसत नाही. दोन्ही कान त्या पातळीला आले असतील तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज भरा, आणि त्र्यंबक रोडच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणीला जाताना जुने सगळे आलेख तारखेच्या क्रमाने लावून न्या. आलेख चढउतार दाखवत असतील तर तेही आधीच सांगा, म्हणजे नेमक्या बऱ्या दिवशी काढलेल्या एका कागदावर निर्णय होणार नाही.